कर्करोगातून बरी झालेली मुलं आणि समोरच्याचा चेहरा न कळणं

आत्याबाई

माझा भाचा अकरा वर्षांचा आहे. इथे त्याला सोन्या म्हणते. सहाव्या वर्षी लहान मेंदूत गाठ निघाली, मेड्युलोब्लास्टोमा. ऑपरेशन झालं, मग डोक्याला आणि पाठीच्या कण्याला रेडिएशन, मग केमो. आता दर खेपेचा एमआरआय स्वच्छ येतो. भाऊ-वहिनी दोघंही नोकरी करतात, शाळा सुटली की तो माझ्याकडे असतो. त्यांना विचारूनच लिहितेय.

प्रश्न असा की जे दिसतंय ते आजाराचं आहे की स्वभावाचं.

आपल्याकडे पोरांना निम्म्या गोष्टी तोंडाने सांगतच नाहीत. पाहुण्यांकडे गेलं, काकूंनी लाडवाची ताटली पुढे केली की पोर आईकडे बघतं, आईची भुवई हलते, पोर म्हणतं "नको काकू, पोट भरलंय". सोन्याही आईकडे बघतो. नीट बघतो. आणि तिसरा लाडू उचलतो. मागच्या महिन्यात वहिनीला फोन आला, तिचे काका गेले. ती ओट्याशी उभी राहून रडत होती. सोन्या पाणी प्यायला आत आला, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आई, सर्दी झालीय का तुला?" चेष्टा नव्हती हो. आत जाऊन व्हिक्सची डबी घेऊन आला.

म्हणजे माया आहे. पण नातेवाइकांत "दगड आहे पोरगं" असं झालंय. शाळेत त्याहून वाईट. पीटीचे सर शिट्टी न वाजवता नुसते कमरेवर हात ठेवून उभे राहतात, सगळी रांग सरळ होते, हा आपला बोलतच राहतो. डायरीत 'उद्धट' असा शेरा आला. त्यात ऑपरेशननंतर त्याचा डावा गाल अजून पुरता हलत नाही. हसला की अर्धंच तोंड हसतं. एका बाईंना वाटलं छद्मी हसतोय.

बिने-कामत ही बुद्ध्यांकाची चाचणी करून घेतली, आकडा वयाला साजेसा आला. तो दाखवला तर शाळा म्हणते, मग बुद्धी ठीक आहे, म्हणजे मुद्दाम करतो!

कुणाच्या घरी असं आहे का? कुणाला दाखवावं?

अवकाळी

वाचतोय. व्हिक्सच्या डबीपाशी थांबलो जरा.

कोथरूडकर

मुलगा बरा झाला याचा आनंद आहे. पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आजारी मुलाला घरचे दोन-तीन वर्षं काही म्हणत नाहीत. सगळे हसऱ्या चेहऱ्याने वावरतात, तो मागेल ते मिळतं. मग त्याला डोळे वटारलेले कळणार कुठून? शिवाय हल्लीची धडधाकट मुलंही मोबाईलमधून मान वर काढत नाहीत. प्रत्येक गोष्टीला आजाराचं लेबल लावलं की शिस्त लावायची जबाबदारी संपते.

शमा

मी पुण्यात मुलांच्या मेंदू-मानसशास्त्रीय चाचण्या करते. सोन्याला न बघता त्याच्याबद्दल निदान करणार नाही, पण विषयाबद्दल बोलता येईल.

कोथरूडकर, तुमची शंका संशोधकांनाही आली होती. शाळा बुडाली, लाड झाले, मित्र तुटले, म्हणून हे होतं का? म्हणून २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूच्या गाठीतून वाचलेल्या मुलांची तुलना धडधाकट मुलांशी न करता सांध्यांच्या दीर्घ आजाराच्या मुलांशी केली. त्यांच्याही वाट्याला दवाखाना येतो, शाळा बुडते, आईवडील हळवे होतात. फक्त मेंदूला हात लागलेला नसतो. तरी मोठ्या माणसांचे चेहरे ओळखताना गाठीतून वाचलेल्या मुलांच्या चुका जास्त निघाल्या.

त्यात वापरलेली चाचणी अटलांटातल्या एमरी विद्यापीठाच्या नोविकी आणि ड्यूक यांची. मोठ्या माणसांचे २४ फोटो, मुलांचे २४. आनंद, दुःख, राग, भीती एवढ्या चारच भावना, काही चेहऱ्यांवर ठळक, काहींवर पुसट. मोठ्यांच्याच चेहऱ्यांवर अडणं याचा अर्थ घरात आणि वर्गात अडणं, कारण तिथे हुकूम मोठ्यांचा आणि तोही बहुतेक वेळा न बोलता दिलेला.

आता हे होतं कसं. चेहरा ओळखणारा मेंदूचा भाग वेगळा, त्यातला धोका टिपणारा अमिग्डाला वेगळा, "हा आत्ता, इथे, असा का बघतोय" याचा अर्थ लावणारा कपाळामागचा भाग वेगळा. यांना जोडणारे तंतू म्हणजे श्वेतद्रव्य. विजेच्या तारेवर प्लास्टिक असतं तसं या तंतूंवर मायलिनचं वेष्टण असतं, आणि ते चढण्याचं काम जन्मानंतर कितीतरी वर्षं चालू राहतं. रेडिएशनचा मार नेमका या वेष्टणावर आणि ते तयार करणाऱ्या पेशींवर बसतो. म्हणून मूल जितकं लहान तितकं नुकसान जास्त, आणि म्हणूनच तीन वर्षांखालच्या बाळांना डोक्याचं रेडिएशन होईल तितकं टाळतात. मेड्युलोब्लास्टोमात जोखीम कमी असेल तर सगळ्या मेंदूला आणि कण्याला साधारण २३.४ ग्रे (रेडिएशनची मात्रा मोजायचं एकक) देतात, जास्त असेल तर ३६, आणि गाठीच्या जागेची बेरीज ५४ च्या आसपास नेतात. सोन्याच्या फाइलमध्ये त्याचा आकडा असणार. काढून ठेवा.

तंतूंचं नुकसान झालं तरी शहाणपण जात नाही, वेग जातो. खऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर नापसंती येते आणि सेकंदाच्या आत जाते. फोटो मात्र समोर थांबून राहतो. त्यामुळे एखादं मूल माझ्या टेबलावर फोटो बरोबर ओळखतं आणि मैदानात तोंडघशी पडतं. एकूण बुद्ध्यांकात हा संथपणा बुडून जातो. शाळेला "आकडा ठीक" दाखवण्यापेक्षा प्रक्रियेचा वेग, अवधान आणि कार्यकारी स्मृती (ऐकलेलं डोक्यात धरून काम करणं) यांचे वेगळे गुण मागून घ्या.

दुसरं, गाठ लहान मेंदूत होती. हा भाग फक्त तोल सांभाळतो असं आपण शाळेत शिकलो. १९९८ मध्ये श्माह्मान आणि शर्मन या संशोधकांनी दाखवलं की त्याला इजा झाली तर भाषा, नियोजन आणि भावना यांवरही परिणाम होतो. या ऑपरेशननंतर साधारण चारांतलं एक मूल काही आठवडे, कधी काही महिने बोलायचंच थांबतं. सोन्याचं तसं झालं होतं का?

आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. आजारापूर्वी, म्हणजे चार-पाच वर्षांचा असताना, त्याला भुवई कळायची का? तेव्हाही कळत नसेल तर वाट वेगळी, मग स्वमग्नतेच्या दिशेनेही बघावं लागेल.

आत्याबाई

शमाताई, हो. ऑपरेशननंतर जवळजवळ महिनाभर एक शब्द नाही. नुसता कण्हायचा. मग एके दिवशी "पाणी" म्हणाला.

आणि आधी? आधी तर हा पक्का बेरकी होता. आमचे बाबा रागावायच्या आधी चष्मा काढून टेबलावर ठेवतात. चष्मा निघाला की चार वर्षांचा सोन्या पलंगाखाली! आम्हा भावंडांना ते कळायला दहा वर्षं लागली होती.

शमा

मग हे नंतर आलेलं आहे. ही चष्म्याची गोष्ट चाचणी घेणाऱ्याला जशीच्या तशी सांगा, आम्हाला अशा गोष्टींचा आकड्यांइतकाच उपयोग होतो.

टवाळ_बोका

समोरच्याचा चेहरा न कळण्यासाठी एवढं सगळं लागत नाही, लग्नाला दहा वर्षं झालेला कुठलाही नवरा चालेल. (माफ करा, विषय गंभीर आहे, बायकोने बघितलं माझ्याकडे. बहुतेक रागाने.)

पंढरपूरकर

बोका, हसलो. माझ्या बाबतीत दोन्ही खरं आहे.

मी ल्युकेमियावाला, म्हणजे रक्ताचा कॅन्सर. १९९० च्या दशकात परळला टाटात उपचार झाले. तेव्हा एमसीपी-८४१ नावाचा प्रोटोकॉल, म्हणजे उपचारांचा ठरलेला क्रम, चालायचा, त्यात डोक्यालाही रेडिएशन असायचं. आता ल्युकेमियाच्या बहुतेक मुलांना ते देत नाहीत, मणक्यातून मेथोट्रेक्झेट हे केमोचं औषध देऊन भागवतात. आम्ही त्या आधीच्या पिढीतले. जगलो हे काय कमी आहे, तक्रार नाही.

पण आत्याबाई, तुमचा सोन्या मोठा झाल्यावर काय होईल असं मनात येत असेल तर माझं सांगतो. मी पतसंस्थेत काउंटरला बसतो. दिवसभर माणसं. गिऱ्हाईक चिडलंय हे मला तो आवाज चढवल्यावर समजायचं, तोपर्यंत उशीर झालेला. मग मी चेहऱ्याचा नाद सोडला. आता हात बघतो. पासबुक सरकवलं तर काही नाही, आपटलं तर चिडलाय. पावती दोन बोटांत धरून हलवत असेल तर घाईत आहे. काउंटरला रेलला तर गप्पा मारायच्यात. हात चेहऱ्यापेक्षा सावकाश चालतात, आणि खोटंही कमी बोलतात. आणि जिथे हातही कळत नाहीत तिथे सरळ विचारतो, "साहेब, काही चुकलं का आमचं?" लोकांना हा माणूस फार नम्र वाटतो. मॅनेजर तर म्हणाले, यांच्याकडून शिका.

घरी बायकोला लग्न ठरतानाच सांगितलं होतं. तिला राग आला की ती म्हणते, "मला राग आलाय, कारण सांगते, आधी टीव्ही बंद कर." तिच्या मैत्रिणींना याचं हसू येतं. आमचं बरं चाललंय.

एक निरीक्षण. सकाळी मला बरंच कळतं, संध्याकाळी जवळपास काहीच नाही. थकवा आला की हे आधी जातं. सोन्याचे शेरे कुठल्या तासाचे आहेत ते डायरीत बघा.

आत्याबाई

आत्ताच काढून बघितली डायरी. पीटी शेवटच्या तासाला असते. छद्मी हसण्याचा शेरा पण दुपारच्या सुट्टीनंतरचा.

नीलू_जळगाव

आमचं उलटंच आहे म्हणून लिहू की नको कळत नव्हतं.

माझ्या मुलीला ल्युकेमिया होता, रेडिएशन नाही, फक्त केमो. उपचाराच्या काळात आम्ही दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहायचो. तिला चेहरे कळतात, नको इतके कळतात. रक्ताचा रिपोर्ट हातात घेताना डॉक्टर अर्धा क्षण थांबले तरी तिने ओळखलेलं असायचं. तिच्यासमोर आम्ही किती नाटक केलं, एकदाही चाललं नाही. आता सगळं संपून बरीच वर्षं झाली, नववीत आहे. मी ऑफिसमधून दमून आले तरी विचारते, "काय झालं? माझा रिपोर्ट आला का?" बाई वर्गात वहीकडे बघून कपाळाला आठ्या घालतात तर हिला वाटतं आपल्यावर रागावल्या. मैत्रिणींशी त्यावरून भांडणं होतात, "तू माझ्याकडे असं का बघितलंस" म्हणून.

हेही त्याच आजाराचं का?

शमा

बरं झालं लिहिलंत. चेहरा न कळणं आणि चेहऱ्यात नसलेलं दिसणं या दोन्हीत गल्लत एकाच जागी होते, अर्थ लावण्यात. तुमच्या मुलीचं टिपणं तल्लख आहे, पण धोक्याकडे झुकलेलं आहे. कॅन्सरबाहेरचं एक उदाहरण देते. घरात मार खाल्लेल्या मुलांवर अमेरिकेत जे काम झालंय त्यात ती मुलं रागाची अगदी पुसट खूणही फार लवकर ओळखतात असं दिसलं, कारण त्यांच्या जगात ती खूण लवकर कळणं गरजेचं होतं. तुमच्या मुलीच्या जगात डॉक्टरांचा थबकलेला क्षण तसाच होता. ल्युकेमियाच्या, फक्त केमो झालेल्या मुलांमध्ये अवधानाच्या अडचणी दिसतात, पण चेहरा ओळखण्याबद्दल मेंदूच्या गाठीइतकं स्पष्ट चित्र नाही. मी तिच्या बाबतीत आधी चिंतेकडे बघेन. समुपदेशक गाठा, आणि तोवर घरी तुम्ही दमला असाल तर दारातच सांगून टाका, "दमलेय, रिपोर्टबिपोर्ट काही नाही."

आणखी एक गोष्ट बहुतेक पालकांच्या लक्षात येत नाही. केमोच्या काळात पांढऱ्या पेशी उतरल्या की या मुलांभोवती सगळे मास्क लावून वावरतात. आनंद आणि किळस आपण मुख्यतः तोंडावरून ओळखतो, राग आणि भीती डोळ्यां-भुवयांवरून. म्हणजे चेहरे शिकायच्या वयात या मुलांना अर्धेच चेहरे भेटतात, आणि जो अर्धा भेटतो तो भीतीचा. हा माझा अंदाज आहे, सिद्ध झालेलं म्हणून घेऊ नका.

कोथरूडकर

शमाताई, माहिती पटली. पण माझा मूळ मुद्दा राहतोच. उद्या सोन्याने कुणाला ढकललं तर तेही रेडिएशनमुळे का? सवलत कुठे थांबवायची?

शमा

रास्त प्रश्न आहे. ढकलू नये हा नियम त्याला सांगता येतो आणि तो पाळू शकतो, तो त्याला लागू. "माझ्याकडे बघून समज" हा नियम नाहीच, ती परीक्षा आहे आणि त्यात तो नापास होणार हे आपल्याला आधीच माहीत आहे. शिस्त असू द्या, फक्त ती मोठ्याने आणि शब्दांत असू द्या.

मेधा_एडिसन

न्यू जर्सीहून. माझी मुलगी, तीच गाठ, आता कॉलेजात आहे.

इथे उपचार संपताना हातात एक सारांश देतात. कुठलं औषध, एकूण मात्रा किती, रेडिएशन कुठे आणि किती, आणि त्यामुळे पुढे काय काय तपासत राहायचं. चिल्ड्रन्स ऑन्कोलॉजी ग्रुपची दीर्घकालीन पाठपुराव्याची मार्गदर्शक तत्त्वं नेटवर फुकट आहेत, पालकांसाठीची पत्रकंही आहेत. त्यात मेंदूला उपचार झालेल्या मुलांची मेंदू-मानसशास्त्रीय तपासणी करायला सांगितलेली आहे. तुम्ही ते छापून घेऊन गेलात तर डॉक्टरांना रागबिग येणार नाही.

माझ्या मुलीला सामाजिक कौशल्यांच्या गटात घातलं होतं. सात-आठ मुलं, चेहऱ्यांची कार्डं, नाटुकली, संभाषणाचा सराव. खरं सांगते, गटात ती झकास करायची. शाळेच्या कॅफेटेरियात त्यातलं फारच थोडं उतरलं. खरा फरक पडला तो एका मैत्रिणीमुळे. ती हिच्या कानात सांगायची, "शी'ज जोकिंग", "आता विषय बदल". ती मैत्रीण भेटली हे नशीब, पण तशी कुणीतरी भेटावी म्हणून शिक्षिकेने बाकांची जागा बदलली होती, हे मला फार उशिरा कळलं.

आत्याबाई

कार्डांचं विचारणारच होते. ऑनलाईन मागवावीत का? सगळी परदेशी मुलांची दिसतात.

शमा

नका मागवू. चेहऱ्यांवरच्या भावनांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ एकमन यांचे प्रसिद्ध फोटो १९७६ चे, कृष्णधवल, आणि पोरांना ते चेहरे परग्रहावरचे वाटतात. आपल्याच समाजातल्या माणसांच्या भावना आपल्याला थोड्या जास्त अचूक कळतात हे २००२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं गेलंय. सोन्याला वर्गातल्या बाई आणि घरातले आजोबा कळायला हवेत, त्यांचेच फोटो काढा. घरच्या सगळ्यांना मोबाईलसमोर बसवा आणि प्रत्येकाची नेहमीची रागाची, कंटाळ्याची, काळजीची खूण टिपा. बाबांचा चष्मा पहिला. प्रत्येक माणसाची खूण वेगळी असते, आणि ती पंढरपूरकरांच्या पासबुकासारखी पाठ करता येते.

दुसरी युक्ती, मराठी मालिका. कलेच्या दृष्टीने काय ते जाऊ द्या, पण चेहऱ्यांच्या अभ्यासाला याहून चांगलं साधन नाही. एक धक्का बसला की सासू, सून, नणंद, प्रत्येकीचा चेहरा ढोल वाजवत तीन-तीनदा दाखवतात. आवाज बंद करा, चित्र थांबवा, विचारा: हिला काय वाटतंय? कशावरून? मग आवाज सुरू करून पडताळा. "कशावरून" हा प्रश्न सोडू नका. भीती आणि आश्चर्य यांत गोंधळ होईल, तो मोठ्यांचाही होतो. अपेक्षा बेताची ठेवा. सराव होतो, तो बाहेर किती उतरतो याचे पुरावे मेधाताईंच्या अनुभवासारखेच आहेत, थोडे आणि संमिश्र.

पण हे सगळं करण्याआधी कान तपासा. त्याच्या केमोत सिस्प्लॅटिन नावाचं औषध असेल तर वरच्या पट्टीचे आवाज जाऊ शकतात. असं मूल हाक मारली की वळतं, म्हणून घरात संशय येत नाही. पण स, श, फ निसटतात. आवाजावरून राग ओळखण्याचीही मग मदत होत नाही. डोळ्यांनाही दोन-दोन प्रतिमा दिसत नाहीत ना ते बघून घ्या, आणि थायरॉइड. रेडिएशननंतर ते मंदावतं आणि मूल सुस्त, भावनाशून्य वाटतं. ही तीनही कामं सोपी आहेत आणि तीनही राहून जातात.

पंढरपूरकर

कुठे दाखवायचं विचारलं होतंत. उपचार टाटात झाले असतील तर तिथे १९९१ पासून एसीटी क्लिनिक आहे, उपचार संपून साधारण दोन वर्षं झालेल्या मुलांसाठी. फक्त गाठ परत आली का एवढंच बघत नाहीत, वाढ, कान, हृदय, शाळा सगळं विचारतात. आणि इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' हा बऱ्या झालेल्यांचाच गट आहे, २००९ पासूनचा. सोन्या अजून लहान आहे, पण भाऊ-वहिनींनी जाऊन बसावं. लहानपणी आजारी होती ती मुलं आता इंजिनीअर, नर्स, बाप झालेली बघितली की बरं वाटतं.

गुरुजी_दिंडोरी

जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. वर्गात एक मुलगी आहे, ब्रेन ट्यूमरचं ऑपरेशन झालेली. आत्याबाई, शाळेला दोष देणार नाही, आम्हाला डीएडला हे कुणी शिकवलेलं नसतं. आम्हाला वाटतं बरा झाला म्हणजे झाला.

मी जे करतो ते सांगतो. बोलण्याआधी नाव घेतो. मग मला काय वाटतंय ते सांगतो, मग काय करायचं ते. "वैष्णवी (नाव बदललंय), मला राग आलाय, वही मिट." तीन तुकडे, मध्ये श्वास. टोमणा मारत नाही. "वा, फार लवकर आलात!" असं म्हटलं तर ती खूश होऊन "हो सर" म्हणते आणि वर्ग हसतो. तिला पुढे बसवलंय, पण अगदी पहिल्या बाकावर नाही, दुसऱ्या. पहिल्या बाकावरून तिला इतर मुलं काय करतात ते दिसत नव्हतं. रांग सरळ झाली हे तिला माझ्या चेहऱ्यावरून कळत नाही, पण पुढच्या पोराच्या पाठीवरून कळतं.

इतर मुलांना किती सांगायचं हा प्रश्न अवघड. मी आईला विचारून एवढंच सांगितलं की हिच्या डोक्याचं ऑपरेशन झालंय, हिला खुणा समजत नाहीत, तोंडाने सांगा. कॅन्सर शब्द वापरला नाही, काही पालकांच्या मनात अजून संसर्गाची भीती असते. मुलांनी दुसऱ्या दिवसापासून तिला सगळं ओरडून सांगायला सुरुवात केली, ते थांबवायला आठवडा गेला.

पुढे दहावीला दिव्यांग प्रमाणपत्र लागेल, त्यावर जादा वेळ मिळतो. त्याची कागदपत्रं नववीत सुरू करा, दहावीत धावपळ होते. आत्ता मात्र शाळेला पत्र द्या. लेखी. तोंडी सांगितलेलं शिक्षक बदलले की गेलं.

आत्याबाई

सगळ्यांचे आभार, एकेकाला उत्तर देत नाही. कान तपासून आलो. दोन्ही कानांत वरच्या पट्टीचं ऐकणं बरंच कमी आहे, श्रवणयंत्र सांगितलंय. फाइलमध्ये सिस्प्लॅटिन आहेच. डोळे ठीक. थायरॉइडचं रक्त उद्या.

आजोबांचा फोटो काढला, चष्मा हातात धरून. बाबा म्हणाले, हे कधीपासून करतो मी? सोन्या म्हणाला, "आजोबा, मग आता तुम्ही रागावलात की फोटोसाठी रागावलात?"

गुरुजी, पत्राचा मसुदा टाकते, बघा बरं:

"मा. मुख्याध्यापक यांस, आमचा मुलगा इयत्ता पाचवीत शिकतो. मेंदूवरील शस्त्रक्रिया व रेडिएशन यांमुळे त्याला समोरच्याच्या चेहऱ्यावरील भाव व आवाजातील चढउतार लवकर समजत नाहीत, तसेच त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू कमी हलते. तो हसताना वाकडा दिसल्यास तो उपहास नाही. कृपया सूचना नाव घेऊन, शब्दांत व एका वेळी एक अशा द्याव्यात. त्याला दुसऱ्या बाकावर बसवावे. दोन्ही कानांत श्रवणदोष असून तपासणीचा अहवाल सोबत जोडला आहे. त्याच्या वर्तनाबद्दल तक्रार असल्यास शेरा लिहिण्यापूर्वी आम्हास फोन करावा."

गुरुजी_दिंडोरी

चांगलं आहे. शेवटचं वाक्य बदला, "शेऱ्यासोबत तास व वेळ लिहावी" असं करा. शेरा लिहू नका म्हटलं की आम्हा लोकांना राग येतो, आणि वेळ तुम्हाला हवीच आहे. पीटीच्या सरांना वेगळी प्रत द्या, ते स्टाफरूममध्ये फारसे नसतात. सही-शिक्क्याची पोच घ्या. जूनमध्ये वर्गशिक्षक बदलले की तारीख बदलून तेच पत्र पुन्हा.

नीलू_जळगाव

गुरुजी, माझ्या मुलीसाठी उलटं पत्र लिहायचं असेल तर कसं लिहावं? "कपाळाला आठ्या पडल्यास कारण सांगावे" असं चालेल का?

गुरुजी_दिंडोरी

चालेल, पण मुख्याध्यापकांना नको. नववीच्या वर्गशिक्षिकेला भेटून तोंडी सांगा. तेवढ्या वयाच्या मुलीला आपल्याबद्दलचं पत्र फाइलला लागलेलं आवडणार नाही. आधी तिलाच विचारा.